पोट साफ करायच्या औषधाची डिग्री

गावातल्या दूध संस्थेत मी सव्वीस वर्षं सचिव होतो, अन् सव्वीस वर्षं मी कुणाच्याच दुधावर विश्वास ठेवला नाही. किटली पुढं आली की आधी माणसाच्या तोंडाकडं बघायचं, मग दुधात लॅक्टोमीटर सोडायचा. ती काचेची नळी वर तरंगली तर दूध चांगलं, खाली बुडाली तर पाणी घातलेलं. आमच्याकडं याला डिग्री लावणं म्हणतात. सख्ख्या चुलत्याची किटली मी परत पाठवली होती. पुढं दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. न बोलला तर न बोलला! दुष्काळात तर या लोकांनी कहरच केला. विहिरी कोरड्या ठाक, मोठी जनावरं छावणीत, बाया घागरी घेऊन टँकरमागं पळतायत, अन् दुधात घालायला मात्र पाणी कुठून मिळायचं ते देवच जाणे.

त्याच दुष्काळात मला परसाकडला गेल्यावर रक्त दिसायला लागलं. एकदा दिसलं, वाटलं उष्णता असंल. मग दर दोन-चार दिवसांनी दिसायला लागलं. माझा थोरला भाऊ असाच गेला होता. त्यालाही आधी रक्तच दिसलं होतं, त्यानंही उष्णताच म्हणून सब्जा भिजवून खाल्ला, अन् कळलं तेव्हा आतड्यातली गाठ हाताला लागत होती. मला मरणाची भीती वाटत होती, सरळच सांगतो. मी लातूर गाठलं.

डॉक्टर तरणा होता. तरण्या डॉक्टरवर माझा भरवसा नाही, अन् म्हाताऱ्यावर तर त्याहून नाही. तो म्हणाला, "दुर्बीण घालून आतडं आतून बघावं लागेल. पण आदल्या दिवशी घरी पोट पूर्ण साफ करून या. जराशी जरी घाण राहिली तर मला काही दिसणार नाही, मग पुढची तारीख महिन्यानंतरची."

महिना! भावाला रक्त दिसल्यापासून सगळे मिळून आठ महिने मिळाले होते. त्यातला एक असा वाया घालवायचा?

त्यानं पावडरीचा एक पुडा दिला. दोन लिटर पाण्यात सगळा विरघळवायचा, दर पाव तासाला एक ग्लास. पाणी कमी नको, जास्त नको. आदल्या दिवशी भाकर बंद, भाजी बंद, दूधही बंद. नुसतं वरणावरचं पाणी, साखरपाणी, शहाळं. दूध बंद म्हटल्यावर माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. जन्मभर दुधाच्या कामात असलेल्या माणसाला हा दूध बंद करायला सांगतो म्हणजे काय? एसटीत बसल्या बसल्या मी त्या पुड्याचं सील तपासलं, तारीख वाचली, कानाशी धरून हलवून बघितला. आमच्या जवळच्या सिरसाळ्याला उतरलो अन् ओळखीच्या मेडिकलवाल्याला तोच पुडा दाखवून विचारलं, खरा आहे का. तो हसला. हसला म्हणजे याचाही त्यात हात असणार, असं मला वाटलं.

आता पाण्याचं बघा. हे औषध घेतलं की माणूस दहा-बारा वेळा संडासला जातो, अन् आमच्याकडं टँकर चार दिवसांआड. बायकोनं त्या चार दिवसांत कसंबसं दोन टिपाडं पाणी साठवलं. कपडे धुतले नाहीत, भांडी राखेनं घासून नुसती पुसून घेतली. मला तिचाही संशय. रोज सकाळी टिपाडात काठी बुडवून पाणी किती उतरलं ते मी बघायचो. एकदा बोटभर कमी भरलं तर मी तिला विचारलंच.

"अवो, वासराला पाजलं," ती म्हणाली. "तेला काय तपासायचं न्हाई ना?"

औषधाच्या दिवशी दुपारी चारला मी बसलो. पाणी आदल्या दिवशीच उकळून, गाळून, गार करून ठेवलं होतं. टँकरवाला कुठल्या डबक्यातलं भरतो कुणाला ठाऊक! पाण्याच्या प्लॅस्टिकच्या जगमध्ये पुडा ओतला, काठावरल्या खुणेपर्यंत पाणी घातलं अन् ढवळलं. मग सवयीनं कपाटातला माझा जुना लॅक्टोमीटर काढला, धुतला अन् जगमध्ये सोडला. चौदा डिग्री. दूध असतं तर दारातून हाकललं असतं. पण औषधाची डिग्री किती असावी हे मला तरी कुठं माहीत होतं? मी आपलं कागदावर लिहून ठेवलं: चौदा.

बायको उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"ह्येनं रगात थांबतं का वो?" तिनं विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"आपलं इचारलं."

पहिला ग्लास खारट, वर गोड, अन् वास असा की ओकारी यावी. नाक दाबून रिचवला. दुसरा गेला. तिसऱ्याला पोटात गुडगुड सुरू झाली अन् मी पळालो. जाता जाता जगवर पेनानं रेघ मारून गेलो. का मारली? घरात बायकोशिवाय कुणी नाही, अन् तसलं औषध चोरणार कोण? पण हात गप्प बसत नाहीत. परत आलो, औषध रेघेला बरोबर होतं. मग पुन्हा पळालो. दोन खेपा लागोपाठ झाल्या, मी भिंतीला धरून आलो. बघतो तर औषध अजून रेघेलाच. बरं वाटलं.

चौथा ग्लास तोंडाला लावला अन् थांबलो. खारट लागेना. वासही पातळ. जीभ मेली असंल म्हणावं तर अशी पातळ चव मी आयुष्यभर ओळखत आलोय. लॅक्टोमीटर सोडला. नळी डुबकन खाली गेली.

नऊ!

मी कागद बघितला, पुन्हा नळी बघितली. रेघ जागच्या जागी अन् डिग्री चौदाची नऊ. ही चाल मला नवी नव्हती. किटलीतून शेरभर दूध काढायचं अन् तेवढंच पाणी घालून गळ्यापर्यंत भरायचं, सव्वीस वर्षं हेच पकडत आलो होतो. पण माझ्या घरात? माझ्या जिवाच्या औषधात? माझ्या डोक्यात सणक गेली.

"ए! इकडं ये आधी!"

ती आली. पदरानं तोंड पुसत होती.

"ह्यात पाणी कुणी घातलं?"

तिनं पदर कमरेला खोचला.

"डॉक्टरनं सांगितलं होतं, पाणी जास्त नको म्हणून. पोट साफ झालं नाही तर महिना जाईल माझा. माझ्या भावाचं काय झालं ते बघितलंस ना तू? तरी पाणी घातलंस? खरं सांग, कावून घातलंस?"

संस्थेत मी असाच विचारायचो. माणूस खाली बघायचा, पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचा. ती खाली बघत नव्हती. माझ्याकडंच बघत होती.

"दोन गलास मी पिले," ती म्हणाली.

"औषध?"

"हां. कमी झालेलं तुमाला दिसंल म्हणून पाणी घातलं. तुमी रेघ मारता ते मला म्हाईत हाय."

"अगं पण तुला कशाला? हे काय सरबत हाय का?"

"मला बी रगात जातंय."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "कधी?"

"पोळ्याच्या आदीपासून."

पोळ्याच्या आधीपासून. माझं रक्त सुरू झालं ते संक्रांतीनंतर. म्हणजे माझ्या पाच महिने आधीपासून ही बाई रक्त जात असताना टँकरमागं पळत होती, माझ्यासाठी टिपाडं भरत होती, अन् मी त्यात काठी बुडवून बोटभर कमी का म्हणून विचारत होतो. तिला वाटलं होतं की ही पावडर रक्त थांबवायची आहे. एक पुडा दोघांना पुरंल, अर्धं तुमाला अर्धं मला, असा तिचा हिशोब.

"मग आधी बोलली कावून न्हाईस?" माझा आवाज बारीक झाला होता.

"मागं पाठ दुखती म्हणलं तर तुमी म्हणले, पाणी आणायचा कंटाळा आला का? चक्कर आली म्हणलं तर म्हणले, सोंग करू नको. रगात म्हणलं असतं तर काय म्हणले असते? तुमी खरं मानता का कुणाचं?"

तेवढ्यात तिच्या पोटात कळ आली अन् ती संडासाकडं पळाली. मला लाज वाटली. बादली मोकळी होती. मी टिपाडातून भरली अन् दारापाशी नेऊन ठेवली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, तिच्यासाठी पाण्याची बादली मी त्या दिवशी पहिल्यांदा उचलली.

दवाखान्यात फोन लावून सगळं सांगितलं. तिकडची बाई म्हणाली, उरलेलं सगळं प्या, वरून साधं पाणी अन् शहाळं प्या, अगदी स्वच्छ पाण्यासारखं होईपर्यंत. "अन् मिसेसनाही सोबत आणा."

पुढचं आधीच सांगून टाकतो. माझं पोट जेमतेम साफ झालं, पण डॉक्टरला दिसायचं ते दिसलं. मूळव्याध. नुसती मूळव्याध! तिची तपासणी डॉक्टरनं मधेच तारीख काढून आठ दिवसांनी केली. त्या वेळचं पाणी मी भरलं. जगवर रेघ मारली नाही, लॅक्टोमीटर कपाटातून काढलाच नाही. तिच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, अन् आज ती अंगणात शेळीवर ओरडतीय ते मला इथं ऐकू येतंय. अजून एक महिना गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाला.

पण मला ऑपरेशन आठवत नाही तेवढी त्याच्या आधीची एक गोष्ट आठवते. माझी दुर्बीण झाल्यावर आम्ही दोघं डॉक्टरपुढं बसलो होतो. मूळव्याध ऐकून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. डॉक्टरनं तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला कधीपासून त्रास आहे?"

आधी तिनं माझ्याकडं बघितलं. आजार तिच्या पोटात, विचारतोय डॉक्टर, अन् ती बघतीय माझ्या तोंडाकडं. संस्थेच्या दारात किटली घेऊन उभे राहणारे लोक तसंच बघायचे.

"पोळ्याच्या आदीपासून," ती हळूच म्हणाली.

"खरं हाय, डॉक्टरसाहेब," मी म्हणालो. "ती खरं सांगतीय."

डॉक्टरनं मान वर केली. "मी कुठं खोटं म्हणालो?"