पिवळ्या खुणेचा बोल्ट

मंडळी, दुपारचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

पप्पांची गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. तिचे सीटबेल्ट पार विरले होते. घरात पदवीधर मी एकटीच, त्यामुळे माझं सगळे ऐकतात. महिन्यापूर्वी मीच हट्टाने नवे बेल्ट घ्यायला लावले. पप्पा चाकणच्या एका कंपनीत फिटर आहेत. त्यांनी बेल्ट घरीच बसवले आणि कंपनीतल्या सवयीने प्रत्येक घट्ट बोल्टवर पिवळी खूण केली. ती खूण बघून मी निर्धास्त झाले. तेव्हापासून आई तो बेल्ट लावून दर रविवारी तळेगावला मामाकडे जाते.

आज ब्रेकच्या कामासाठी पप्पांनी आणि मी गाडी चिखलीच्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी सहज आईच्या सीटचा बेल्ट जोरात ओढला. बोल्ट सैल झाला नाही. त्याच्यासकट खालचा पत्राच तुटून वर आला! मॅटखाली नुसता गंज होता.

"राव, बोल्ट एक नंबर कसलाय. पण कशात कसलाय, ते बघितलं न्हाई व्हय?" मिस्त्री म्हणाले.

"कंपनीत पत्रा नवाकोराच येतो हो," एवढंच पप्पा बोलले.

गाडी तिथेच ठेवलीय. कुजलेला पत्रा कापून नवा जोडल्यावरच बेल्ट बसेल.

घरी आल्यावर आई म्हणाली, "रविवारी गाडी मिळंल ना? मी बेल्ट लावते की गं, घाबरतीस कशाला?"

तिला अजून काही सांगितलेलं नाही. तुमच्या जुन्या गाडीतली मॅट तुम्ही कधी उचलून बघितलीय?