भाषा मराठी, अक्षरं कानडी

देशातल्या सगळ्या भाषांमधल्या साहित्याची ऑनलाइन ग्रंथसूची करण्याचं काम आमच्या म्हैसूरच्या कचेरीत चालतं. मी नोंदी तपासतो. लेखक, वर्ष, भाषा. काम रूक्ष आहे आणि मला ते आवडतं.

घोडं अडलं ते आत्याच्या पुस्तकापाशी. सरगूरच्या माझ्या आत्यानं स्वतः रचलेली पाळण्याची गाणी तिथल्याच एका छापखान्यातून छापून घेतली होती. गाणी मराठी, अक्षरं कानडी. आमच्या घरांत कित्येक पिढ्या असंच लिहितात. शाळेत कानडी अक्षरं शिकायची, घरची मराठीही त्यातच उतरवायची. मी देवनागरी शिकलो ती नोकरीसाठी. आत्या आता ऐंशीच्या पुढे. "कंप्यूटरात माझं पुस्तक घातलास काय रे?" हा तिचा दर फोनला प्रश्न. डोळे मिटायच्या आत तिला ते बघायचं होतं.

कन्नड विभागानं पुस्तक चाळून परत पाठवलं. अक्षरं आमची, शब्द आमचे नाहीत, म्हणाले. मराठी विभागात पुण्याहून नुकत्याच आलेल्या एक बाई आहेत. त्यांनी मुखपृष्ठ पाहूनच हात झटकले. "हे कन्नड आहे हो." मग टोलवाटोलवी. शेवटी 'इतर भाषा'मध्ये टाकून द्या असं ठरू लागलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या आत्याची भाषा इतर? मी पुस्तक उचललं, त्या बाईंच्या समोर खुर्ची ओढली आणि एक गाणं मोठ्यानं वाचलं.

"चंद्र आला मेत्तगे, नीज माझ्या राजा..."

"अगंबाई, ही तर मराठी! फक्त ते मेत्तगे..."

"मेत्तगे म्हणजे हळूच. आमच्याकडे तेही मराठीच."

त्या हसल्या आणि भाषेच्या रकान्यात मराठी भरलं. एकदा मराठी म्हटलं की पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव देवनागरीतच भरावं लागतं, तसा नियमच आहे. त्यांनी ते शुद्धलेखन जपून भरलं. मी खूश होतो, अगदी उघडपणे.

रविवारी सरगूरला गेलो. नोंद उघडून फोन आत्याच्या हातात दिला. तिनं पदरानं चष्मा पुसला, फोन जवळ धरला, लांब धरला.

"चंद आहे, हौदु, छान आहे हो," ती म्हणाली. "यात माझं नाव कुठलं रे? बोट ठेवून दाव."