हिशेबात बैल धरले नव्हते

हैदराबादेहून इंजिनेरीचा डिप्लोमा घेऊन मी हिंगोलीच्या एका जिनिंग कारखान्यात चिकटलो, तेव्हा मुलखात निजामाचं राज्य होतं आणि माझ्या डोक्यात माझं. बावीस वर्षांचं वय, एक बूटजोड आणि पाण्याचा दाब मोजायचं पितळी घड्याळ, एवढी माझी दौलत. ते घड्याळ मनगटावर बांधता आलं असतं तर मी बांधूनच हिंडलो असतो. लोक अर्ध्या हळकुंडानं पिवळे होतात म्हणे. मला तर हळदीच्या बाजारावरून नुसतं चालत जाणंही पुरलं होतं.

आमच्या शेठनं मुंबईच्या एका बंद पडलेल्या गिरणीतले आगीचे फवारे विकत आणले होते. कापसाच्या कारखान्यात आगीची धास्ती रोजचीच. कपाशीत खडा आला, यंत्राच्या पात्यावर घासला, की ठिणगी उडालीच. हे फवारे छताखालच्या नळाला बसवायचे. खाली आग लागली की फवाऱ्याचं तोंड बंद ठेवणारा कथलाचा डाख वितळतो आणि पाणी आपोआप कोसळतं. टाकी किती उंच हवी, नळ किती जाड हवा आणि अगदी शेवटच्या फवाऱ्याला पाणी किती जोरानं मिळेल, हे ठरवायचं काम माझं. शेवटच्या फवाऱ्याला निदान सात पौंड दाब हवा, असं पुस्तकात लिहिलेलं.

आता माझी अक्कल ऐका. फाटकाजवळ दगडी हौद होता. बाजारच्या गाड्यांचे बैल बारमाही त्यावर पाणी पीत. हौदाचा आणि फवाऱ्यांचा नळ एकच. बैल पिऊ लागले, हौदाची तोटी सुटली, की माझ्या घड्याळाचा काटा नाचायचा. मला नाचरा काटा मुळीच खपत नसे. शास्त्र म्हणजे कसं, स्थिर पाहिजे! म्हणून मी शेवटच्या फवाऱ्याच्या मोजमापासाठी पोळ्याचा दिवस निवडला. पोळ्याला बैलाच्या मानेवर कोण जू ठेवतो? एक गाडी आली नाही, तोटी बंद, आवारात चिटपाखरू नाही. काटा समईच्या ज्योतीसारखा उभा राहिला. नऊ पौंड! मी वहीत नऊ लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि घरी जाऊन बायकोच्या हातच्या चार पुरणपोळ्या हाणल्या.

हंगाम सुरू झाला. आखाडा बाळापूरच्या, कनेरगाव नाक्याच्या गाड्या पहाटेपासून रांगेत लागू लागल्या. शेठचा शिरस्ता असा, की कपाशीचं वजन मागून, आधी बैलाला पाणी. त्यावरच आमच्या फाटकाचं नाव होतं.

शेवटच्या फवाऱ्याखाली, कोपऱ्यातल्या यंत्रावर गावातलीच एक बाई कपाशी घालायची. शेजारच्या खांबाला तिनं जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, आत सहा महिन्यांचं लेकरू. एकदा वर बोट दाखवून ती म्हणाली, "सायेब, आग लागली तं पाणी हितवर येईन का?"

"नऊ पौंडानं येईल," मी म्हणालो.

"पौंडाचं मला काय कळतंय? येईन का न्हाई, ते सांगा."

"येईल म्हणजे येईल!" मी जरा तडकलोच. डिप्लोमावाल्याला असं विचारतात?

महिन्याभरात भर दुपारी त्याच कोपऱ्यात ठिणगी पडली. फवारा उघडला, अगदी बराबर वेळेवर उघडला, एवढं श्रेय मला द्या. पण त्यातून पाणी आलं ते महादेवाच्या पिंडीवर गळतीतून पडतं तसं, थेंब थेंब. बाहेर तहानलेले बैल हौदावर ताव मारत होते. बाईनं झोळीची गाठ हिसकली आणि लेकरू घेऊन बाहेर पळाली. गाडीवान बादल्या, डबे, हाताला येईल ते हौदात बुडवून धावले आणि त्यांनी आग विझवली. आणि इंजिनेर साहेब? वही पोटाशी धरून दारात उभे. झोळीचा काठ करपलेला दिसला तेव्हा कुठं मी वही खाली ठेवली.

शेठ आले ते सगळं झाल्यावर. जमीन चिंब ओली पाहून त्यांना वाटलं, फवाऱ्यांनीच काम केलं. सगळ्यांसमोर त्यांनी मला फेटा बांधला. मी बांधून घेतला. हो, घेतला! बाई लेकरू कडेवर घेऊन नुसती बघत होती.

रात्रभर तो फेटा खुंटीवरून माझ्याकडे बघत राहिला. सकाळी शेठला सगळं सांगून टाकलं. ते आधी लालबुंद झाले, मग म्हणाले, "बैलाचं पाणी तोडायचं न्हाई. हौदाला येगळा नळ टाका." आठ दिवसांत त्याच टाकीवरून टाकला. कागदावर परत हिशेब केला, परत नऊ पौंड आले. मी खुशीत बाईकडे गेलो. तिनं झोळी आता बाहेर, चिंचेच्या फांदीला बांधली होती. लेकराच्या तोंडावर ऊन येऊन राहिलं होतं.

"बाई, आता बांधा झोळी आत. या खेपेला पक्कं आहे."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमच्या घरी बी लेकरू हाये ना?"

होतं. माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती.

"मंग तिला आणा. दोघांच्या झोळ्या संगंच बांधू."

मी तसाच मागं फिरलो. घड्याळ घेतलं, शिडी मागवली आणि गाड्यांनी आवार गच्च भरलेलं असताना, हौदावर बैलांची तोंडं लागलेली असताना, त्या शेवटच्या फवाऱ्यापाशी चढलो. पाणी सोडलं. काटा नाचत नाचत पाचावर आला आणि तिथून पुढं, सातापर्यंत काही सरकेना.

खाली ती शिडी धरून उभी होती. "आलं का, सायेब?"

"न्हाई आलं, बाई," मी वरूनच म्हणालो. "अजून न्हाई आलं."