ओट्यामागची सिद्धता

मी गणिताचा प्राध्यापक आहे, आणि माझी सगळ्यात लांबलचक सिद्धता आमच्या सासूबाईंनी तारेच्या घासणीनं घासून काढली.

तेव्हा मी सहयोगी प्राध्यापक होतो. ते 'सहयोगी' उडवायला एक शोधनिबंध कमी पडत होता. नियतकालिकानं तो नाकारला नव्हता. मधली एक पायरी नीट सिद्ध करून सोमवारपर्यंत पाठवा, एवढंच म्हटलं होतं. पण नाहूरच्या आमच्या घरात फळा लावण्याजोगी एकच भिंत आहे आणि तिच्यावर टीव्ही आहे. (तो हलवण्याचा प्रस्ताव घरात एकमतानं फेटाळला गेला. माझं मत धरलं नाही.)

शनिवारी सकाळी चहा ठेवताना ओट्यामागच्या पांढऱ्याशुभ्र टाइल्स दिसल्या. मुलीचं मार्कर घेतलं आणि सुटलो. दुपारपर्यंत सिद्धता गॅसपासून बेसिनपर्यंत पोचली. शेवटी 'सिद्ध झालं' म्हणून काढतात तो छोटा चौकोन काढला आणि तृप्त मनानं आडवा झालो.

उठलो तेव्हा टाइल्स लखलखत होत्या. समोर सासूबाई पदर खोचून उभ्या. त्या खारदांड्याच्या; जन्मभर मासे विकून मुलांना शिकवलं. लेकीसाठी बोंबील घेऊन आल्या होत्या आणि भिंत बघून बोंबील साफ करायच्या आधी तीच साफ केली होती.

"पोर अभ्यास करते ते बरं आहे," त्या म्हणाल्या, "पण भिंतीवर कशाला? तिला रागवू नका हां."

खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. अकरावीतल्या ईशावर आळ तसाच राहू दिला आणि आतल्या खोलीत जाऊन बायकोला सगळं सांगितलं. शिल्पा आधी पोट धरून हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. तेवढ्यात ईशानं मोबाईल पुढे केला. 'बाबा पूर्ण गेलेत' असं लिहून तिनं दुपारीच भिंतीचा फोटो मैत्रिणींना पाठवला होता. बाप म्हणून रागवायला हवं होतं. मी तिला मिठी मारली.

फोटोत सगळं होतं. फक्त मध्ये कुकर होता, आणि नेमकी ती मागितलेली पायरी कुकरच्या मागे!

रविवारभर मी कुकरमागे काय लिहिलं होतं ते आठवत बसलो. संध्याकाळी आठवलं. तिथे तीन शब्द होते : 'हे उघड आहे.'

मग ते उघड असलेलं सिद्ध करायला घेतलं आणि दोन तासांत लक्षात आलं, की ते मुळात खरंच नाही. एक जादा अट घातली, प्रमेय निम्मं झालं, पण उभं राहिलं. सोमवारी निबंध पाठवला. तो स्वीकारला गेला, आणि मुलाखत होऊन मी प्राध्यापकही झालो.

पेढे घेऊन खारदांड्याला गेलो आणि जेवताना कबुली दिली, की ते अक्षर माझं होतं. सासूबाई ओशाळल्या. मी घाईघाईनं सांगितलं, की पुसलं ते बरंच झालं, सगळं चुकलं होतं.

त्यांनी ताटात कालवण वाढलं आणि काळजीनं विचारलं, "आणखी कुठं काही लिवलंय का? सांगा, येते मी."

गेल्या वीस वर्षांतले माझे छापून आलेले सगळे निबंध डोळ्यांसमोरून सरकले. मी मान खाली घालून भात कालवला.