जिन्याखालची विभूती

मुर्ध्यात आमच्या इमारतीत जिन्याखाली देवाची तसबीर आहे. यंदा तिच्याखाली पांढरी भुकटी जमायला लागली आणि लोक विभूती म्हणून कपाळाला लावायला लागले. अरे, मिठागर बुजवून इमारत बांधलीय, जमिनीतलं मीठ भिंतीतून बाहेर येतंय! सेक्रेटरीला म्हटलं, "चाखून तर बघा." त्याने चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, देवाने चवसुद्धा दिलीय!"

याच जागेवर माझ्या वडिलांनी जन्मभर मीठ ओढलं. त्यांच्या भेगाळलेल्या पायांतून रक्त यायचं. त्या पायांवर कोणी डोकं ठेवल्याचं मला आठवत नाही.

काल जिन्यापाशी माझी सून माझ्यावर खेकसली, "बाबा, आधी चपला काढा!"