त्या दिवशी मी कशाला हसले

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणून हे इथे लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं...

मी झाशीची. छावणीतल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. मला नार्कोलेप्सी आहे — दिवसा अनावर झोप येते, आणि जोरात हसू आलं की अंगातली ताकदच जाते. जबडा सैलावतो, गुडघे वाकतात, मी खाली. मिनिटभरच. पण शुद्ध जात नाही. सगळं ऐकू येतं, नंतर सगळं आठवतं. डॉक्टर म्हणाले, कशाने होतं त्यावर लक्ष ठेवा. राग, भीती, रडणं — कशानेच नाही. फक्त हसण्याने. तेही बहुतेक वेळा बाबांनी माझी फिरकी घेतली की.

एकदा अशीच जिन्यात पडले, दात तुटला. त्या दिवसापासून बाबांनी थट्टा बंद केली. नऊ वर्षं 'जेवलीस का', 'औषध घेतलंस का', एवढंच.

मागच्या थंडीत ते गेले. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

अकराव्या दिवशी दुपारी धाकटा भाऊ अनंत आणि मी तेराव्याच्या पत्रावळी आणायला बडा बाजारात गेलो. दुकानदार गठ्ठे बांधत होता, मी बघत उभी होते. आणि गुडघे गेले. अनंतने धरून पोत्यावर टेकवलं. "बिटिया को पानी दो," दुकानदार म्हणत होता. ऐकू येत होतं.

बोलता यायला लागलं तसं अनंतने विचारलं, "जिज्जी, हसलीस कशाला?"

"मी कुठे हसले?"

"हसलीस. 'बाबा, बस करा हो' म्हणालीस, हसलीस, मग पडलीस."

मी दुकानदाराकडे पाहिलं.

"हाँ बिटिया, हँसी तो थीं आप."

नंतर डॉक्टर म्हणाले, या आजारात जागेपणीही स्वप्न घुसतं. असेल. पण मला तर समोरचे गठ्ठेच दिसत होते...

परतताना रिक्षात अनंतने पत्रावळींचे गठ्ठे मांडीवर घेतले. मग म्हणाला, "काय म्हणाले गं बाबा?"

"ठाऊक नाही."

त्याने तोंड फिरवलं. त्याचा खांदा हलत होता.

उलगडा अजून झालेला नाही. इतक्या वर्षांनी बाबा खरंच काही थट्टेचं बोलले असतील, तर मी त्यावर हसले — आणि काय बोलले, तेच मला माहीत नाही.