चढाच्या पल्याड

तात्या मोजणीदारांना कुठलंही अंतर पायाखालून गेल्याशिवाय पटत नसे. त्यांच्या घरापासून माझ्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत चारशे बारा पावलं होती. एकदा दारात उभं राहूनच म्हणाले, "सुमन, आज चारशे एकोणीस पडली. तुजं दुकान सरकलंय, न्हायतर मी म्हातारा झालोय." मी म्हटलं, "दुकान हाय तितंच हाय, तात्या." ते हसले आणि खिशातल्या वहीत आकडा टिपून घेतला. असल्या माणसाचं काय करायचं, सांगा. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. अकलूजला घर होतं, पण नातेपुत्यापासून वेळापूरपर्यंत त्यांची मोजणीची साखळी पडली नाही असं शिवार नव्हतं. "चालल्याबिगर रेघ वडायची न्हाय," हा त्यांचा हट्ट. एकदा दोन भावांच्या बांधावर ओढा भरून आला होता. दोघंही म्हणाले, साहेब, पलीकडचं अंदाजानं काढा, आमची हरकत नाही. तात्या साखळी डोक्यावर धरून छातीभर पाण्यातून पलीकडे गेले आणि पुढे आठ दिवस तापाने फणफणले. तेव्हापासून अंदाज हा शब्द त्यांच्यासमोर काढायची कुणाची टाप नव्हती.

सोमवारी निघायचे, शनिवारी यायचे. आल्यावर त्यांच्या बायकोचा, आमच्या काकींचा, पहिला प्रश्न ठरलेला: "ह्या खेपंला मुक्काम कुटं व्हता?" मग तात्या हातपाय धुता धुता ते गाव सांगत. काकी मला म्हणायच्या, "दर वेळी म्हणायचे, फुडच्या मोजणीला तुला नेतो. चाळीस वर्सं फुडचीच मोजणी चाललीया." हसून म्हणायच्या, पण म्हणायच्या. तात्या निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी काकींची उजवी बाजू लकव्याने गेली. न्यायचं ते राहूनच गेलं.

मंगळाची भानगड माझ्या दुकानात सुरू झाली. शाळेच्या प्रकल्पासाठी कुणीतरी एक लांबलचक चित्र छापायला दिलं होतं. तात्या औषधाच्या चिठ्ठीची प्रत काढायला आले आणि पडद्यापुढून हलेनात. "हे कुटलं रान? सांगोल्याकडचं?" मी म्हटलं, मंगळावरचं, तिथं एक गाडी फिरतेय, तिनं काढलंय. त्यांनी चष्मा पुसला. "चाकाच्या खुणा हायत की. म्हंजे ही चाललीया खरी." त्यांच्या लेखी गाडीला याहून मोठं प्रशस्तिपत्र नव्हतं.

त्या दिवसापासून माझी शाई आणि तात्यांचा डिंक यांना सुट्टी नव्हती. गाडी जिथे थांबे तिथून चहूबाजूंचे फोटो काढी. मी ते नेटवरून उतरवून काळे-पांढरे छापून देई, तात्या कागदाला कागद चिकटवत. डावं टोक आणि उजवं टोक जोडलं की एकच दगड दोन्हीकडे निघे, आणि त्यांचा चेहरा उजळे. तो गोल ते काकींच्या खाटेभोवती चार खिळ्यांना दोऱ्याने टांगत. काकी मधोमध पडून मान वळवत सगळं रान बघायच्या. "आज मुक्काम कुटं?" जीभ जड झाली होती तरी प्रश्न तोच. तात्या सांगत, काल इतकं चाललो, हा दगड आता मागं पडला. चाललो म्हणत ते. मला आधी हसू यायचं, नंतर यायचं बंद झालं.

वर्षभरात गाडी एका मोठ्या चढाला लागली. काकींनी डाव्या हाताने त्या चढाची कड दाखवली. "पल्याड काय हाय?"

"गेल्याबिगर कसं सांगू? जाऊ की दोन-चार मुक्कामात."

आणि नेमकं तेव्हाच सूर्य पृथ्वीच्या आणि मंगळाच्या मधे आला. दोनेक आठवडे गाडीशी संपर्क बंद, ती जागेवरच उभी राहणार, नवीन फोटो नाहीत. त्याच आठवड्यात काकींचं खाणं सुटलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच राहू द्या. तात्या रोज सकाळी दुकानात येऊन विचारत, "सूर्य कदी बाजूला व्हतोय?" जणू मी त्याला सांगून बाजूला करणार होते.

पाचव्या दिवशी त्यांनी कागदांची गुंडाळी पुढे केली. "ह्याची झेरॉक्स काढ. पेनशीलीची चकाकी दिसाय नको." मी उलगडून बघितलं. चढ, चढाच्या पलीकडे दरी, दरीत कोरडी नदी, मागे डोंगरांची ओळ. सगळं हातानं काढलेलं. मी तात्यांकडे बघितलं, ते रस्त्याकडे बघत होते. मी प्रती काढल्या.

टांगायला मीही गेले. काकींनी हळूहळू मान फिरवत सगळं पाहिलं, नदीपाशी बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "गाडीच्या खुणा कुटं हायत?"

तात्या चाकाच्या खुणा काढायला विसरले होते. ते खाटेची कड धरून उभे राहिले. काकींनी त्यांचा हात चाचपला. "असू द्या. लई लांब आलो," म्हणाल्या आणि डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

महिन्याभराने गाडी खरोखर चढावर पोचली. फोटो छापून मी घरी नेले. वाटलं होतं, तात्या हात लावणार नाहीत. पण त्यांनी नीट चिकटवले, रिकाम्या खाटेभोवती टांगले आणि खुर्ची ओढून बसले. पलीकडे नदी नव्हती, डोंगर नव्हते. दगड आणि सपाट माळ, नजर पोचेल तिथपर्यंत.

"सपाट हाय गं," ते खाटेकडे बघून म्हणाले. "डोंगर न्हाय, नदी न्हाय. मी तुला खोटं दाखवलं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तात्या, काकींना कळलं व्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं ओळख, पण तसं बघितलेलं मला आठवत नाही.

"मग बोलली का न्हाय?"

मी दुकान उघडायचंय म्हणून निघाले आणि रस्ताभर रडत गेले.